अक्कदचा बदली राजा: दम्कीचं प्रकरण

इ.स.पू. ६७१ संपता संपता बाबिलोनियातल्या अक्कद शहरात एक माणूस सिंहासनावर बसला. दम्की त्याचं नाव. बाप अक्कदच्या देवस्थानाचा 'शतम्मू', म्हणजे मुख्य कारभारी. असिरिया, बाबिलोन आणि सगळ्या देशांचा राजा म्हणून तो बसला. अंगावर राजवस्त्रं होती, जोडीला राणी होती. पुढे एका रात्री तो आणि त्याची राणी दोघंही मेले. असिरियाचा खरा राजा एसरहद्दोन जिवंत राहिला. हे दोन जीव गेले ते त्याच्याच जिवासाठी.

ही हकिकत आपल्यापर्यंत आली ती मार-इस्सार या अधिकाऱ्यामुळे. तो एसरहद्दोनचा बाबिलोनियातला प्रतिनिधी होता. देवळांच्या जीर्णोद्धारावर देखरेख करायची, तिथली खबर राजाला कळवायची, हे त्याचं काम. त्याने मातीच्या पाट्यांवर कीलाकार लिपीत लिहिलेली पत्रं असिरियाची राजधानी निनेवे इथल्या राजवाड्यात जपून ठेवली गेली. १९व्या शतकातल्या उत्खननात ती हजारो इतर पाट्यांबरोबर बाहेर आली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातली दोन पत्रं या प्रकरणाचा कणा आहेत. एकात बदली राजा गादीवर बसल्याचा अहवाल आहे, दुसऱ्यात तो मेल्याचा. पाट्यांचे कोपरे तुटलेत, काही ओळी अर्ध्याच उरल्यात. तरी अभ्यासक ही दोन पत्रं एकाच घटनेची मानतात आणि मीही तसंच धरून चालतो.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या राजेपणावर लिहिताना बहुतेक जण देवळं, स्तंभ आणि विजयलेख यांवरून सुरुवात करतात. ते लेख राजांनी स्वतःची कीर्ती मागे राहावी म्हणून कोरून घेतलेले. मार-इस्सारची पत्रं फक्त एका वाचकासाठी होती. राजा म्हणजे काय, हे त्या काळच्या माणसांना आतून कसं वाटत होतं, ते या पत्रांतून जितकं दिसतं तितकं कुठल्याही विजयस्तंभावरून दिसत नाही.

ग्रहण कोणाला लागलं?

बाबिलोनियन ज्योतिषात चंद्रग्रहण हा सर्वांत भारी अपशकुन. चंद्र म्हणजे सिन देव, आणि त्याच्यावर सावली पडणं म्हणजे कुठल्या तरी राजाचं मरण. कोणत्या राजाचं, हे ठरवायला शास्त्र होतं. 'एनूमा अनू एन्लिल' या सुमारे ७० पाट्यांच्या शकुनग्रंथात चंद्रग्रहणांना मोठी जागा दिलेली आहे. ग्रहण कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, रात्रीच्या कोणत्या प्रहरात लागलं. सावली कुठून शिरली आणि कुठून सुटली. वारा कुठला होता. हे सगळं बघायचं. चंद्रबिंबाचे चार भाग पाडलेले होते: अक्कद, एलाम, अमुर्रू आणि सुबार्तू. इथे अक्कद म्हणजे नुसतं शहर नव्हे, सगळा बाबिलोनिया. एलाम म्हणजे पूर्वेकडचा शेजारी देश. सुबार्तू म्हणजे असिरिया, असं निनेवेचे ज्योतिषी धरत. अमुर्रू म्हणजे पश्चिमेकडचे देश. सावली ज्या भागावर, मरण तिथल्या राजाचं. ग्रहणाच्या वेळी गुरू आकाशात दिसत असेल तर मात्र राजाला अभय.

निकाल राजाच्या विरुद्ध गेला तरी तो शेवटचा नसे. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. मेसोपोटेमियन माणसाच्या लेखी अपशकुन म्हणजे देवांनी आधी दिलेली सूचना. ती आधी मिळते, म्हणूनच तिच्यावर उपाय चालतो. सूर्यदेव शमाश हा न्यायाचा देव. त्याच्यासमोर प्रकरण मांडायचं, शुद्धिविधी करायचे आणि निकाल फिरवून मागायचा. साध्या अपशकुनांना मातीची बाहुली, पक्षी किंवा प्राणी पुरे होत. आपल्याकडे उतारा काढून तिठ्यावर ठेवतात, विचार तोच. राजाच्या मरणाचा अपशकुन मात्र राजावरच पडायला हवा होता. तेव्हा एक राजा तयार करावा लागे.

राजा 'शेतकरी' होतो

बदली राजाला अक्कदी भाषेत 'शार पूही' म्हणत. विधीची पाटी तुटक स्वरूपात उरली आहे आणि दरबारी पंडितांची पत्रं तिला जोड देतात. एक माणूस निवडायचा. त्याला राजाचे कपडे, राजदंड, शस्त्र आणि सिंहासन द्यायचं. एक कुमारिका त्याची राणी करायची. आकाशात आणि पृथ्वीवर दिसलेले सगळे अपशकुन लिहून काढायचे आणि शमाशसमोर एकेक करून म्हणून घ्यायचे, म्हणजे ते त्याने स्वतःवर घेतले असं होई. एका पत्रात ते लिहून त्याच्या वस्त्राच्या काठाला बांधल्याचंही येतं. मग जास्तीत जास्त १०० दिवस तो राजा. त्या मुदतीत तो 'आपल्या नियतीकडे जातो'. पत्रांत मरणासाठी हाच शब्दप्रयोग आहे. नंतर सिंहासन, मेज, शस्त्र, राजदंड सगळं जाळायचं आणि राजवाडा शुद्ध करायचा.

या मुदतीत खरा राजा कोण असे? तो 'शेतकरी' होई. पंडित त्याला पत्र लिहिताना 'माझ्या धन्याला, शेतकऱ्याला' अशी सुरुवात करत. कारभार त्याच्याच हातात राहत असे, हुकूम त्याचेच सुटत. पण देवांच्या दप्तरात त्या दिवसांत तो राजा नसे.

या मायन्यात नाटक कुठेच नाही. लिहिणारे लोक राज्यातले सर्वांत शिकलेले होते: मुख्य लेखक, मांत्रिक, ज्योतिषी. तारखा, मुदती, विधींचा क्रम यांवर ते वैद्य एकमेकांत औषधावर बोलावं तशा नेमकेपणाने लिहितात. राजा विचारतो, बदली राजाने किती दिवस बसायचं? पंडित कळवतात, सूर्यग्रहणाची वाट पाहिली, ते झालं नाही. आता १५ तारखेला चंद्र-सूर्य एकत्र दिसले तर तो १६ला नियतीकडे जाईल, किंवा राजाच्या मर्जीप्रमाणे १०० दिवस पुरे बसू दे. एखाद्याच्या मरणाची तारीख इतक्या निर्विकारपणे ठरताना वाचलं की पोटात गोळा येतो. लिहिणाऱ्यांना मात्र ती साम्राज्य सावरण्याची रोजची जबाबदारी वाटत होती.

एसरहद्दोनच्या कारकिर्दीतल्याच आणखी एका बदली राजाबद्दलचं पत्र आहे. त्याला दारू पाजली, पाण्याने आंघोळ घातली, तेल लावलं, पक्षी शिजवून खाऊ घातले, आणि त्याने सगळे अपशकुन स्वतःवर घेतले, असा अहवाल आहे. पुढे तो माणूस ओरडून विचारतो, असं लिहिलं आहे: कोणत्या अपशकुनासाठी तुम्ही बदली राजा बसवलात? एवढ्या सगळ्या पत्रव्यवहारात बदली राजाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो इथे.

चौदा तारखेपासून

दम्कीच्या प्रकरणाचा क्रम मार-इस्सार तारीखवार देतो. महिना टेबेत, त्यांच्या पंचांगातला दहावा. आपल्या हिशेबाने ६७१चा डिसेंबर. बदली राजा १४ला राजधानीत गादीवर बसला. १५ची रात्र त्याने राजाच्या महालात काढली आणि ग्रहण लागलं. मग त्याला दक्षिणेला पाठवलं. २०च्या रात्री तो सुखरूप अक्कदला पोहोचला आणि तिथे सिंहासनावर बसला. मार-इस्सारने त्याच्याकडून शमाशसमोर अपशकुनांचं पठण करवून घेतलं. त्याने आकाशातले आणि भूमीवरचे सगळे अपशकुन घेतले, 'सगळ्या देशांवर राज्य केलं'.

या तारखा नीट पाहाव्यात. राजा १४ला बसतो, ग्रहण त्यानंतर लागतं. ग्रहण येणार हे निनेवेच्या ज्योतिष्यांना आधी कळलेलं होतं. आकाशाचं गणित या टप्प्याला पोहोचलं होतं आणि त्या गणिताचा उपयोग सापळा आधी लावून ठेवण्यासाठी होत होता. ग्रहण लागेल त्या क्षणी सिंहासनावर दुसरा माणूस असला पाहिजे.

पण सावली पडली ती अमुर्रूच्या भागावर. मार-इस्सार स्वतःच तसं लिहितो: हे ग्रहण अमुर्रूला लागलं, तिथला राजा मरेल, त्याचा देश घटेल. मग अमुर्रू म्हणजे नक्की कोणता देश याची तो चर्चा करतो. 'हत्ती' म्हणजे सीरियाकडचा मुलूख, वाळवंटातल्या भटक्यांचा देश, की दुसऱ्या परंपरेप्रमाणे दक्षिण बाबिलोनियातला खाल्डिया? इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूशचा राजा किंवा मुगल्लूसारख्या शत्रूंपैकी कोणीतरी मरेल किंवा पकडला जाईल, राजाने आनंदात असावं. हे सांगून झाल्यावर तो पुन्हा बजावतो की राजाने सावध राहावं, पहारा कडक ठेवावा, राजासाठी आणि राजपुत्रांसाठी विधी चालू ठेवावेत.

शास्त्राने निर्वाळा दिला की धोका आपल्या राजाला नाही, तरी अक्कदच्या गादीवरच्या माणसाला सोडून देण्याचा प्रश्न पत्रात कुठेच येत नाही. मला हे सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बोलकं ठिकाण वाटतं. अपशकुन त्याने अंगावर घेतले होते. न्यायदेवतेसमोर तो राजा म्हणून उभा राहिला होता. आता त्याला उठवून घरी पाठवायचं तर ते अपशकुन कोणाच्या घरी गेले असते?

दुसरं पत्र

दम्की मेल्याचं पत्र कोरड्या कारकुनी शिस्तीत सुरू होतं. अक्कदच्या शतम्मूचा मुलगा, ज्याने असिरियावर, बाबिलोनवर आणि सगळ्या देशांवर राज्य केलं, तो आपल्या राणीसह रात्री मेला. राजाच्या बदली आणि शमाश-शुम-उकीनच्या जिवासाठी. शमाश-शुम-उकीन हा एसरहद्दोनचा मुलगा. ६७२मध्ये त्याला बाबिलोनचा भावी राजा जाहीर केलं होतं. 'त्यांच्या सुटकेसाठी तो नियतीकडे गेला', असं मार-इस्सार लिहितो.

मग अंत्यविधी. आम्ही थडगं तयार केलं. त्याला आणि त्याच्या राणीला सजवलं, देहांवर संस्कार केले, लोकांच्या दर्शनासाठी ठेवलं, पुरलं, त्यांच्यासाठी शोक केला. होम झाला. सगळे अपशकुन रद्द झाले. शुद्धीचे विधी, स्नानगृहाचा विधी, पाणी शिंपडण्याचा विधी, देवांना शांत करणारी स्तोत्रं सगळं यथासांग पार पडलं.

मेले कसे, हे पत्रात नाही. राणीचं नावही नाही. तिच्याबद्दल आपल्याला एवढंच कळतं की ती होती, सजवली गेली, पुरली गेली. विधीला राणी लागत होती कारण राणीवाचून राजा पुरा होत नाही. तिचं घर कोणतं, तिला काय सांगून आणलं, हे मार-इस्सारला लिहावंसं वाटलं नाही. ज्याच्यासाठी पत्र होतं त्यालाही ते विचारावंसं वाटलं नसावं.

याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे: ग्रहणाच्या प्रभावाचा काळ चालू असेपर्यंत राजाने उघड्यावर जाऊ नये. म्हणजे १०० दिवस अजून सरलेले नव्हते. दम्कीला पुरी मुदत मिळाली नाही.

आणि मग हा मजकूर येतो. मार-इस्सार लिहितो, मी असं ऐकलं की हे विधी होण्याआधी एका भविष्यवादिनीने शतम्मूचा मुलगा दम्की याला सांगितलं होतं, 'तू राज्य घेशील.' देशाच्या सभेतही ती त्याला म्हणाली होती, 'माझ्या धन्याचं चोरटं जनावर मी उघडं पाडलं आणि तुझ्या हाती दिलं.' यानंतर मार-इस्सार म्हणतो, हे विधी फार चांगले फळाला आले, राजाने आनंद मानावा.

अक्कदचे लोक घाबरले, आम्ही त्यांना धीर दिला, ते शांत झाले. बाबिलोनियातले इतर शतम्मू आणि अधिकारीही घाबरल्याचं ऐकतो.

दम्कीच का?

बदली राजा म्हणून सहसा कोण निवडला जाई? ज्याच्या जाण्याने राज्यात कोणाचं काही अडत नाही असा माणूस. मार-इस्सारच याच पत्रात राजाला विनवतो की शतम्मूच्या पदावर पूर्वीसारखा एखादा सामान्य माणूस नेमावा. त्याने देवीपुढचे नित्याचे नैवेद्य, सणाच्या दिवशीचा धूप करावा, आणि अक्कदला लागणारं ग्रहण आलं की त्यालाच बदली राजा करता येईल. 'पूर्वीसारखा' हा शब्द महत्त्वाचा आहे. या वेळी रीत सोडून काही झालं होतं. मोठ्या देवस्थानाच्या कारभाऱ्याचा मुलगा मारला गेला होता आणि बाकीच्या देवस्थानांचे कारभारी एकमेकांकडे बघत होते.

त्या काळातलं बाबिलोनियाचं राजकारण पाहिल्याशिवाय याचा अर्थ लागत नाही. एसरहद्दोनचा बाप सेन्नाचेरिब याने ६८९मध्ये बाबिलोन उद्ध्वस्त केलं. ६८१मध्ये तो स्वतःच्या मुलाच्या कटात मारला गेला. एसरहद्दोनने भावांशी लढून गादी मिळवली, बाबिलोन पुन्हा बांधायला घेतलं, एलामने नेलेल्या अक्कदच्या देवता ६७४मध्ये परत आल्या. या सगळ्यातून दक्षिणेतल्या देवळांची ताकद वाढत होती. राजाची मात्र तब्येत कायमची ढासळलेली. त्याच्या वैद्याचं पत्र आहे: राजा पुन्हा पुन्हा विचारतो, माझा आजार तुम्ही ओळखत का नाही, बरा का करत नाही? आजारी राजा, बाप खुनात गेलेला, आणि दोन राजपुत्रांमध्ये वाटून दिलेली गादी.

६७२मध्ये वारसाच्या निष्ठेची शपथ साऱ्या साम्राज्याकडून घेतली गेली, तिच्यात स्पष्ट कलम होतं की राजपुत्राविरुद्ध कोणी काही बोललं, मग तो भविष्यवादी असो, अंगात येणारा असो, तर ते दडवायचं नाही, कळवायचं. मार-इस्सारने 'मी ऐकलं' म्हणून जे लिहिलं ते या कलमाचं पालन होतं. याच सुमारास हर्रानजवळ एका दासीच्या तोंडून नुस्कू देवाचा शब्द आला होता: राज्य सासी नावाच्या माणसाचं आहे, सेन्नाचेरिबचं नाव आणि बीज मी नष्ट करीन. तीही खबर राजाला पत्राने गेली. ६७०मध्ये एसरहद्दोनने आपल्या अनेक बड्या अधिकाऱ्यांना तलवारीखाली घातलं, असं बाबिलोनियन बखर नोंदवते.

तेव्हा दम्कीची निवड धर्माने झाली की राजकारणाने? काही अभ्यासकांच्या मते ही दक्षिणेतल्या विरोधकांना दिलेली जरब होती. मला ते पटतं, पण तेवढ्यावर थांबणं पुरेसं वाटत नाही. धर्म हे नुसतं पांघरूण असतं तर दम्कीला राजद्रोहाखाली मारता आलं असतं. एसरहद्दोनला तशा शिक्षा द्यायला विधी लागत नव्हता. भविष्यवादिनीने देवाच्या नावाने सभेत सांगितलं होतं की हा राजा होईल. देवाचा शब्द खोटा पाडता येत नाही. मग तो खरा करायचा: दम्कीला राजा करायचं, सगळ्या देशांचा, राजवस्त्रांसकट, राणीसकट, आणि मग राजावर आलेलं मरण त्याला येऊ द्यायचं. भविष्यही खरं ठरलं, अपशकुनही फिटला. 'हे विधी फार चांगले फळाला आले' हे वाक्य भविष्यवाणीच्या लगेच पुढे येतं ते यामुळे, असं मी वाचतो. मार-इस्सारची श्रद्धा आणि त्याचं राजकारण इथे एकच काम करत होते. ते त्याच्या मनात वेगळे होते असं मानायला पत्रात काही आधार नाही.

लोक घाबरले तेही याच कारणाने. त्यांना तमाशा वाटला असता तर ते कुजबुजले असते. त्यांनी त्याच्यासाठी शोक केला, त्याचं दर्शन घेतलं. त्यांच्या गावचा माणूस खरोखरच राजा झाला होता आणि खरोखरच राजा म्हणून मेला होता.

राजेपण राहतं कुठे?

अक्कद हे साधं शहर नव्हतं. अक्कदी साम्राज्य उभारणाऱ्या सार्गोनचं आणि त्याचा नातू नरम-सिनचं ते शहर. दम्कीच्या आधी पंधराशेहून जास्त वर्षांपूर्वी नरम-सिनने आपल्या नावाआधी देवाचं चिन्ह लावलं. उत्तर इराकमध्ये बासेत्की इथे सापडलेल्या तांब्याच्या मूर्तीवर त्याचं कारण कोरलेलं आहे: चारी दिशांनी बंड उठलं, त्याने ते मोडलं, म्हणून नगरवासीयांनी एरेकच्या इश्तारकडे, निप्पूरच्या एन्लिलकडे, सिप्परच्या शमाशकडे आणि इतर देवांकडे मागणी केली की हा आमच्या शहराचा देव व्हावा, आणि अक्कदच्या मधोमध त्याचं देऊळ बांधलं. मूर्तीचा आता फक्त कमरेखालचा भाग उरला आहे. २००३मध्ये बगदादच्या संग्रहालयातून ती चोरीला गेली आणि त्याच वर्षी एका मैलाटाकीत सापडली. लेख वाचता येतो हे नशीब. त्यात मागणी नागरिक करतात, संमती देव देतात, राजाला देवत्व मिळतं. राजा जन्माने देव नाही. उरचा राजा शुल्गी यानेही इ.स.पू. २१व्या शतकात ही वाट धरली, आणि पुढे काही शतकांत ती प्रथा विरली.

असिरियाच्या राजांनी ती कधीच घेतली नाही. राज्याभिषेकाच्या विधीत घोष होता, 'अशुर राजा आहे!' खरा राजा देव अशुर, माणूस त्याचा कारभारी. पण या कारभाऱ्याबद्दल दरबारी कसं बोलत? एसरहद्दोन दोन दिवस जेवला नाही, अंधारात बसून राहिला, तेव्हा त्याचा मांत्रिक अदद-शुमू-उसूर याने त्याला लिहिलं: राजा तर शमाशची हुबेहूब प्रतिमा आहे, त्याने अर्धा दिवसच अंधारात राहावं, भाकर खावी, दारू प्यावी, आजार निघून जाईल. त्याच्याच दुसऱ्या एका पत्रात म्हण येते की माणूस ही देवाची सावली, आणि राजा हे तर देवाचं प्रतिबिंबच. हे शब्द आजारी, उपाशी, खचलेल्या माणसाला लिहिलेले आहेत. लिहिणारा त्याच्या तब्येतीची काळजी करतो आणि त्याच वाक्यात त्याला सूर्याच्या जागी ठेवतो. त्याला त्यात काही विसंगत वाटत नाही.

याचं उत्तर दम्कीच्या सिंहासनावर मिळतं. राजेपण एसरहद्दोनच्या देहात असतं तर ते दुसऱ्याला देता आलं नसतं. ते आसनात, वस्त्रात, शस्त्रात, राणीत आणि देवासमोर झालेल्या पठणात होतं. त्यात जो बसेल तो राजा. देवांचे निकाल त्याला लागतात. एसरहद्दोन वाचू शकला तो त्यातून बाहेर येऊ शकला म्हणून. म्हणून मला देवराजा ही कल्पना मेसोपोटेमियापुरती तरी अशी समजते की देवत्व पदाला होतं, आणि माणूस त्या पदात येत-जात होता. आणि म्हणूनच ते इतकं जपावं लागत होतं.

या समजाची दुसरी बाजू एसरहद्दोनच्या पंडितांना चांगली ठाऊक असणार. एका बखरीत इसिनचा राजा एर्रा-इमित्ती याची गोष्ट आहे, इ.स.पू. १९व्या शतकातली. त्याने अपशकुनासाठी एन्लिल-बानी नावाच्या माळ्याला बदली राजा केलं, आपला मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवला. मग राजा महालात गरम पेज पिता पिता मेला. माळी गादीवरून उठलाच नाही. पुढे त्याने २४ वर्षं राज्य केलं, देवळं बांधली, त्याचे अस्सल लेख आजही आहेत. पेजेची गोष्ट घडली की रचली, तो भाग वेगळा. बखर सांगणाऱ्यांना त्यात काही अशक्य वाटलं नाही. बदली राजा हा अधिकृत राजा होता. वारसासाठी आधीच भावाभावांत रक्त सांडलेल्या घराण्यात, बाबिलोनियातल्या वजनदार घराचा मुलगा शंभर दिवस गादीवर ठेवायचा, ही जोखीम मार-इस्सारने ओळखली होती. पुढच्या वेळी सामान्य माणूस घ्या, ही त्याची विनंती त्यातूनच आली.

नंतर

एसरहद्दोन ६६९मध्ये इजिप्तच्या तिसऱ्या मोहिमेवर जाताना वाटेत आजारी पडून मेला. ज्याच्या जिवासाठी दम्की गेला तो शमाश-शुम-उकीन बाबिलोनच्या गादीवर बसला. ६५२मध्ये त्याने असिरियाच्या गादीवर असलेला भाऊ अशुरबनिपाल याच्याविरुद्ध बंड केलं. दीर्घ वेढ्यानंतर ६४८मध्ये बाबिलोन पडलं आणि तोही गेला. बदली राजाचा विधी मात्र अशुरबनिपालच्या काळातही झाला.

इ.स.पू. ३२३मध्ये अलेक्झांडर बाबिलोनमध्ये असताना एक अनोळखी माणूस, काहींच्या मते कैदी, रिकाम्या सिंहासनावर जाऊन बसला. एका वर्णनात त्याने राजवस्त्रं आणि मुकुटही चढवला होता. ग्रीक इतिहासकार अरियन लिहितो की खोज्यांनी त्याला उठवलं नाही. त्यांच्या रीतीत ते बसत नव्हतं. ते कपडे फाडत, छाती बडवत राहिले. ग्रीकांना वाटलं हा कट असावा. छळ करून विचारलं तर तो म्हणाला, मनात आलं म्हणून बसलो. दैवज्ञांच्या सल्ल्याने त्याला मारून टाकलं. अलेक्झांडर त्याच वर्षी जूनमध्ये मेला. ग्रीक लेखकांच्या वर्णनात शमाशसमोरचं पठण नाही, राणी नाही, अलेक्झांडरला कोणी 'शेतकरी' म्हटल्याचंही नाही.